गरज की इच्छा?



फुलपाड्यात वंदनेनंतर एका तरुणाने विचारले, “गुरुजी, अणुबाँबने युद्ध थांबले, मग त्यात पाप कसले?”

बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. निवाडा आपल्या विवेकावर सोपविला आहे. मग विवेकाने पाहा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा जळाले, तीनच दिवसांनी नागासाकी. तेथील तान्ह्या लेकरांना जाळण्याची कोणती गरज होती?

शेजारच्या सोपाऱ्यात ज्याचे शिलालेख सापडले, तो सम्राट अशोक कलिंग जिंकूनही पस्तावला. तो पश्चात्ताप त्याने दगडावर कोरविला. “युद्ध संपले” म्हणून त्याने हात झटकले नाहीत.

पहिले शील म्हणताना ती लेकरे आठवा. नमो बुद्धाय!