जपलेली तलवार

ग्वाल्हेरच्या फुलबागेत झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जून १८५८ मध्ये त्या या नगरीत धारातीर्थी पडल्या. दर जूनमध्ये समाधीपाशी बलिदान मेळा भरतो; त्या काळची शस्त्रे मांडतात, लढाईचे नाटकही होते. अशी शस्त्रे जमविणे, तो वेश चढवून लढाई खेळणे योग्य आहे काय?

नोब येथे याजकाने गल्याथाची तलवार वस्त्रात गुंडाळून जपलीच होती. म्हणून जतन करणे पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु गरज पडताच दाविदाने तीच तलवार मागून घेतली. शस्त्राचा मोह वस्त्राने झाकला जात नाही.

नाटकात पडलेला शिपाई उठून घरी जेवायला जातो. १८५८ साली पडलेले, राणीकडील असोत वा इंग्रजांकडील, उठले नाहीत. आपण तलवारीबरोबर हे स्मरणही जपणार असू, तरच ती जपावी.