चमकतात म्हणून ब्रेक लागत नाहीत

तो मोबाइल आधी खिशात घाल आणि इकडे ये. फोटो नंतर काढ. बाकीच्यांनीही या, हे एकट्याला सांगून भागणार नाही.

जुन्या सीजे-3बी जीपला स्टेनलेसचे ब्रेक पाइप स्वतः करायचे, यात चूक काहीच नाही. भिवंडीच्या पावसात आणि चिखलात मूळचे पोलादी पाइप क्लिपांखाली सडलेच होते. स्टेनलेस तसं गंजणार नाही. पण ते साध्या पोलादासारखं निमूट ऐकतही नाही. वाकवावं, दाबावं तसं आणखी कडक होतं. दुकानात "304 ग्रेड आहे ना?" एवढंच विचारून आलास. तो अनील केलेला, मऊ पाइप आहे का, हे कोणी विचारायचं? मी?

पाइपचं हे तोंड बघ. हॅकसॉने कापलंस, आतली धार तशीच ठेवलीस, तोंड पसरून डबल फ्लेअर करताना तिथूनच चीर गेली. मग महाशयांनी काय करावं? 37 अंशांची सिंगल फ्लेअर काढून जीपच्या 45 अंशांच्या सीटवर बसवली! आठ अंश किरकोळ वाटले? दोन उतार एकमेकांवर बसलेच नाहीत, नुसती कड टेकली. ऑइल झिरपायला लागलं तेव्हा आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळलीस. अरे शहाण्या, इथे ऑइल आटे अडवत नाहीत, फ्लेअर अडवते. मोरीतला नळ बसवतोयस का? तरी थांबेना, म्हणून नट जीव खाऊन आवळलास. आणि वरून पॉलिश! वरून कीर्तन, आतून तमाशा.

या जीपला मास्टर सिलेंडर एक आणि सर्किटही एकच. एक जोड फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. हँडब्रेक आहे तो ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर, उभी गाडी धरून ठेवायला. मालक ही गाडी नाशिकला नेणार आहे. परतताना कसारा घाटाच्या उतारावर, पुढे भरलेला ट्रेलर असताना पेडल तळाला गेलं, तर तुझं पॉलिश गाडी थांबवणार आहे?

सगळे पाइप उतरव. अनील केलेला 3/16 इंची पाइप आण, ट्यूब कटरने काप, आतली धार रीमरने काढ, आणि फ्लेअर करायच्या आधी नट ओवायला विसरू नकोस. 37 अंशच ठेवायचे असतील तर नट, स्लीव्ह, अडॅप्टर सगळं त्याच मापाचं लाव. नाहीतर हायड्रॉलिक टूलवर 45ची डबल फ्लेअर कर. चिरलेलं टोक सरळ भंगारात. एअर काढून झाली की एकाने पेडल जोरात दाबून धरायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवायचा. कागद ओला झाला की काम पुन्हा पहिल्यापासून.

मी एकेक जोड बघितल्याशिवाय ही जीप दाराबाहेर जाणार नाही. आणि वीतभर पाइप वाया घालवायचा ज्याच्या जिवावर येतो, त्याने ब्रेकच्या कामाला हात लावू नये.