‘जाळे आवर’ म्हणण्याचा अधिकार

जबलपूर हे नाव आपल्यापैकी अनेकांना तेथील लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजमुळे ठाऊक आहे. इतरांना भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे. पण हे शहर मुळात तळ्यांचे. रानीताल राणी दुर्गावतीने, अधारताल तिचा मंत्री अधारसिंह याने आणि चेरीताल तिच्या दासीने बांधविला, असे लोक सांगतात. आसपासच्या खेड्यांतही तळी आहेत, आणि शहराच्या दक्षिणेस नर्मदेवर बरगीचे विस्तीर्ण धरण आहे. या पाण्यांतील रोहू, कटला आणि मृगळ यांवर ढीमर, केवट व इतर अनेकांची घरे चालतात.

मध्य प्रदेशात दरवर्षी 16 जूनपासून 15 ऑगस्टपर्यंत नद्या, धरणे व नद्यांना जोडलेली तळी यांत मासेमारीस बंदी असते. तिचे कारण सरळ आहे. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाच्या पुराचे वाहते पाणी लागते. म्हणूनच गावतळ्यात बोटाएवढी पिले बाहेरून आणून सोडावी लागतात. पुराबरोबर निघालेल्या एकेका मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. ती मादी पकडणाऱ्याच्या पदरात एक मासा पडतो, पण येणाऱ्या हंगामातील कितीतरी मासे तो गमावतो. तेव्हा बंदी योग्य आहे, यात शंका नाही.

तथापि भुकेला बंदी ठाऊक नसते. ज्याच्या घरी जाळ्यावाचून दुसरे साधन नाही, त्याने दोन महिने काय खावे? आणि त्याला ‘जाळे आवर’ असे म्हणण्याचा नैतिक अधिकार कोणाला आहे?

आपण चटकन म्हणू, की पृथ्वी व तिच्यातील सर्व काही परमेश्वराचे आहे. म्हणून कोणीही ते ओरबाडू नये. हे सत्य आहे. पण हेच सत्य भरल्या पोटाने रिकाम्या पोटाला ऐकविले, तर त्याचा उपदेश न राहता केवळ दटावणी होते. उलट कोणी म्हणेल, की शब्बाथ दिवशी कणसे मोडणाऱ्या भुकेल्या शिष्यांची बाजू प्रभूने घेतली. मग भुकेला नियम कशाला? पण प्रभूने तेथे शब्बाथ रद्द केला नाही. तो मनुष्यासाठी आहे, एवढीच त्याने आठवण दिली. माशांना दिलेली विश्रांतीही शेवटी मनुष्यासाठीच आहे. उद्याच्या मनुष्यासाठी आणि त्याच कोळ्याच्या मुलांसाठी.

येथे बरगीची हकीकत विचारात घेण्याजोगी आहे. हे धरण 1990 मध्ये पूर्ण झाले. जबलपूर, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांतील 162 गावांना त्याची झळ पोहोचली. शेते गेलेले कित्येक जण जबलपुरात येऊन सायकलरिक्षा ओढू लागले. जे काठावर राहिले, त्यांच्या बुडालेल्या शेतांवर आता पाणी होते आणि पाण्यात मासे होते. पण त्या माशांवर हक्क दुसऱ्यांचा होता. आपल्याच शेतावरच्या पाण्यात जाळे टाकणारा चोर ठरत होता. दीर्घ लढ्यानंतर 1994 मध्ये विस्थापितांच्या 54 सहकारी संस्थांच्या संघाला तो हक्क मिळाला. पुढे काही वर्षांनी तो पुन्हा राज्याच्या मत्स्य महासंघाकडे गेला. तवा धरणावरही 1996 ते 2006 या काळात विस्थापितांचा असाच संघ होता. पिले सोडण्याचे आणि बंदी पाळण्याचे काम त्या गरीब माणसांनी आपल्या अंगावर घेतले होते. यावरून एक गोष्ट कळते. गरिबाला संयम समजत नाही, असे नाही. पण उद्याचा मासा ज्याचा नाही, त्याने आज तो कोणासाठी सोडावा?

निर्गमच्या 23व्या अध्यायात सातव्या वर्षी जमीन पडीत ठेवण्याची आज्ञा आहे. तेथे भूमीची विश्रांती आणि गरिबांचे अन्न ही दोन्ही एकाच आज्ञेत आली आहेत. आपल्याकडील व्यवहारात मात्र ती सहज वेगळी पडतात. बंदीच्या काळासाठी सरकारी योजना आहे. तीत मच्छीमाराने 1500 रुपये साठवायचे आणि सरकारने 3000 रुपये घालायचे, अशी सोय आहे. मदत स्वागतार्ह आहे. पण एवढ्यात एक कुटुंब किती दिवस जेवेल, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा.

आणि आपले काय? पावसाळ्यात बाजारात गाभोळीचा मासा हौसेने मागणारे आपणच असतो. तो कोठून आला, हे आपण विचारीत नाही. बंदी मोडणाऱ्यास दोष देताना त्याला गिऱ्हाईक कोणी पुरविले, हे विसरतो. कोळ्याने दोन महिने जाळे आवरावे असे वाटत असेल, तर आपणही तेवढे दिवस आपली जीभ आवरली पाहिजे. आपल्या मंडळीच्या परिसरात अशी घरे असतील, तर त्यांच्या चुलीची चौकशी जून महिन्यातच केली पाहिजे.

पुनरुत्थानानंतर प्रभू तिबिर्य समुद्राच्या काठी उभा होता, तो प्रसंग आठवा. रात्रभर श्रमून रिकाम्या हाताने आलेल्या कोळ्यांना त्याने प्रथम काही खावयास आहे काय, असे विचारले. ते किनाऱ्यास लागले तेव्हा निखारे, मासळी आणि भाकर तयार होती. पेत्रावर मेंढरांची जबाबदारी त्याने न्याहारी झाल्यावर टाकली. आधी भाकर, मग आज्ञा, हा क्रम योगायोगाचा नाही. तो ज्याला साधेल, त्यालाच दुसऱ्यास ‘जाळे आवर’ म्हणण्याचा अधिकार आहे.