क्लेशाच्या दिवशीचे दान

चित्त स्वस्थ असता दान करणे फारसे कठीण नाही. धान्य घरात आले आहे, देणे फिटले आहे, लेकराबाळांची प्रकृती ठीक आहे, अशा दिवशी दाराशी आलेला अनोळखी मनुष्यही आपलासा वाटतो. खरा प्रश्न निराळ्या दिवशी उपस्थित होतो. यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या कोरडवाहू कास्तकाराने कपाशी पेरावी, पावसाने दडी मारावी, दुबार पेरणीचा खर्च पुढे उभा राहावा, आणि नेमक्या त्याच दुपारी कोणी अपरिचित वाटसरूने पाणी व भाकर मागावी. त्या दिवशी त्या गृहस्थास औदार्य कर्तव्य आहे काय? आणि असल्यास, ज्याचे चित्तच ठिकाणावर नाही, त्याने ते आणावे कोठून?

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात, 20 ते 22 या श्लोकांत, दानाचे तीन प्रकार निरूपिले आहेत. देणे हे कर्तव्य मानून, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशास, देश, काल व पात्र पाहून दिलेले ते सात्त्विक. परतफेडीच्या वा फळाच्या आशेने, किंवा मनाला क्लेश करून घेत दिलेले ते राजस. अदेशी, अकाली, अपात्री, अथवा सत्कार न करता अवज्ञेने दिलेले ते तामस. हे श्लोक वाचताना पुष्कळांचे लक्ष घेणाऱ्याच्या पात्रतेवरच खिळते. तथापि त्याच श्लोकांत देणाऱ्याच्या मनाचीही तितकीच कठोर परीक्षा आहे. त्रासलेला मनुष्य बहुधा ‘नाही’ म्हणत नाही. तो देतो, परंतु कपाळाला आठी घालून देतो; भाकरीबरोबर चार कठोर शब्दही वाढतो. पहिल्या रीतीने त्याचे दान राजस होते, दुसऱ्या रीतीने तामस. भाकर तीच, पोट भरते तेही तेच. पण देणारा खाली उतरलेला असतो. आणि पात्रतेची चौकशी करण्याची हुक्की मनुष्यास नेमकी त्रासाच्या दिवशीच येते, हेही विचारात घेण्याजोगे आहे. शास्त्रातील विवेकाचा शब्द तेव्हा कंटाळ्याचे पांघरूण होतो.

लीळाचरित्रातील सशाच्या रक्षणाची लीळा सर्व साधकांस परिचित आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास येऊन जानूखाली दडला. पारध्यांनी तो मागितला असता, शरण आलेल्यास सोडता येत नाही, असे स्वामींनी त्यांस सांगितले. या लीळेत जीवदयेचा बोध आहे, हे सर्व जाणतात. तिच्यात आणखी एक बोध आहे. पारधीही तेथे परकेच होते. त्यांची मागणी मान्य झाली नाही. परंतु त्यांची अवहेलनाही झाली नाही, त्यांची समजूत घालण्यात आली. यावरून असे दिसते की, नाकारण्यातही औदार्य राहू शकते, आणि देण्यातही ते नाहीसे होऊ शकते.

आता हे औदार्य आणावे कोठून, या प्रश्नाकडे वळू जाता यवतमाळ जिल्ह्यातीलच एक उदाहरण साह्यास येते. नागपूर-हैदराबाद महामार्गावर, पांढरकवड्याच्या अलीकडे करंजीजवळ, शीख बांधवांचा एक लंगर आहे. लंगर म्हणजे जात, धर्म वा ओळख न विचारता सर्वांस दिले जाणारे भोजन. 1988 पासून बाबा कर्नैलसिंग खैरा यांनी तेथे ही सेवा चालविली. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे देशभर टाळेबंदी झाली. कामधंदा गेलेले हजारो मजूर याच रस्त्याने पायी, सायकलीने, मालमोटारींत दाटीने बसून आपापल्या मुलखास निघाले. खाणावळी बंद होत्या, आणि अनोळखी मनुष्याजवळ उभे राहण्याचेही सर्वांस भय वाटत होते. त्या वेळी वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या खैराबाबांनी व त्यांच्या सेवकांनी चूल विझू दिली नाही. सुमारे दहा आठवड्यांत वीस लाखांच्या आसपास लोकांस तेथे अन्न मिळाले, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांनी नोंदविले आहे.

येथे संख्येपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. संकट आले म्हणून ती चूल पेटली नाही. ती बत्तीस वर्षे पेटलेलीच होती. द्यावे की न द्यावे, हा वाद घालण्याची पाळी त्या भयाच्या दिवशी आली नाही, कारण त्याचा निर्णय फार पूर्वी झाला होता. औदार्याची निवड क्लेशाच्या दिवशी करावयाची म्हटले, तर चित्त स्वतःच्याच बाजूने कौल देते. म्हणून ती निवड स्वस्थ दिवशी करून तिला नियमाचे रूप द्यावे लागते. मग भाव मागे राहिला तरी नियम हाताला धरून पुढे नेतो.

मन प्रसन्न नसता देणे हे ढोंग नव्हे काय, अशी शंका येथे संभवते. ती योग्य नाही. प्रसन्नतेचा आव आणणे हे ढोंग. अप्रसन्न असूनही दुसऱ्याची भूक आपल्या त्राग्याच्या आड येऊ न देणे, हा संयम होय. तसेच, जे जवळ नाही ते देण्याचे बंधन कोणावरही नाही. घरात दोनच भाकरी असतील तर अर्धी द्यावी. तीही नसेल तर पाणी द्यावे, सावलीत बसवावे, पुढच्या गावची वाट नीट सांगावी.

भिक्षेस निघालेल्या साधूस ही गोष्ट दररोज दिसते. कोणत्या उंबरठ्याआड कोणते दुःख आहे, हे त्याला ठाऊक नसते. झोळीत पडलेल्या घासासाठी एखाद्या माउलीने त्या दिवशी काय गिळले असेल, हेही नसते. म्हणून जे मिळेल ते त्याने आदराने घ्यावे, आणि उणा शब्द आला तर तो मनात साठवू नये. वासनिकाने आदराने द्यावे, भिक्षुकाने आदराने घ्यावे. दोघेही एकमेकांस परके असतात, आणि पुष्कळदा दोघेही त्या दिवशी थकलेले असतात.