शून्याची नोंद

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर एखादा गृहस्थ भल्या पहाटे जाऊन बसतो. दुर्बीण, पाण्याची बाटली आणि गणनेचा एक कागद एवढेंच त्याचें साहित्य. ऊन्ह डोक्यावर येईपर्यंत तो गवताकडे पाहत राहतो, आणि शेवटीं 'माळढोक' या नांवापुढें शून्य मांडून घरीं परततो. त्याला वेतन नाहीं, कोणाची शाबासकी नाहीं. गाडीभाडें पदरचें गेलें, सुटीचा दिवस गेला, आणि पक्षी तर दिसलाच नाहीं. मग या मनुष्यानें मिळविलें तें काय? घरच्या मंडळींनीं विचारलेला हा प्रश्न थट्टेचा असला तरी क्षुल्लक नव्हे. जें बहुधा नाहींच, तें पाहावयास जाण्यांत कांहीं अर्थ आहे काय, याचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. माळढोकासाठीं नान्नजच्या परिसरांत १९७९ सालीं अभयारण्य झालें. कागदोपत्रीं त्याचा विस्तार सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर होता. त्यांत गांवें, शेतें, रस्ते सारेंच आलें होतें, आणि पुढें तो सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यांत आला. मधल्या काळांत कित्येक माळ नांगराखालीं गेले, पाणी आलें तेथें ऊंस आला, आणि उरलेल्या गवताला 'पडीक' समजून त्यांत झाडें लावण्याचें पुण्यही लोकांनीं जोडलें. माळढोकाची मादी एका वेळीं बहुधा एकच अंडें घालते, आणि तेंही उघड्या जमिनीवर. त्यांतच विजेच्या तारा आल्या. उडतांना समोर आलेली तार या जड पक्ष्याला वेळीं दिसत नाहीं, आणि दिसली तरी चटकन् वळतां येत नाहीं. आज देशांत दीडशेंच्या आंतच माळढोक उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानांत जेसलमेरकडे आहेत. नान्नजला अलीकडे एखादा दिसला तर तीच वार्ता होते.

न दिसण्यापासून ज्ञान होत नाहीं असें ज्यांना वाटतें, त्यांनीं आपल्याच शास्त्रकारांकडे पाहावें. 'भूतलावर घट नाहीं' हें आपणांस कसें कळतें, यावर त्यांनीं पिढ्यान् पिढ्या वाद केला. भाट्ट मीमांसक व अद्वैत वेदान्ती यांनीं अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाणाची योग्यता दिली. नैयायिकांनीं तितकें मानलें नाहीं, तरी अभाव हा पदार्थ आहे हें त्यांसही मान्यच होतें. मात्र एक अट घालण्यांत आली. घट असता तर तो खात्रीनें दिसला असता, अशी परिस्थिति पाहिजे. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं, म्हणून तो तेथें नाहीं असें ठरत नाहीं.

या एका अटींत पक्षिगणनेचा सारा धर्म आला. विदर्भांतील माळांवर पावसाळ्यांत आढळणाऱ्या तणमोराचेंच पाहा. विणीच्या दिवसांत याचा नर गवताच्या वर उंच उड्या मारतो, तेव्हांच तो नजरेस पडतो. एरवीं दहा पावलांवर असला तरी पत्ता लागूं देत नाहीं. हिंवाळ्यांत सहज फेरफटका मारून 'तणमोर नाहीं' असें लिहिणाऱ्याचें शून्य हें अज्ञान होय. श्रावणांत पहाटेपासून भिजत बसलेल्याचें शून्य हें ज्ञान होय. कागदावर दोन्ही शून्यें सारखींच दिसतात. भेद असतो तो पाहणाराच्या श्रमांत व सचोटींत. म्हणूनच यादी पुरी द्यावी असा दंडक आहे. ओळखलेला प्रत्येक पक्षी, साळुंकी आणि कावळासुद्धां, लिहिला तरच न लिहिलेल्या नांवाला अर्थ येतो. २०२३ सालीं भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यांत ९४२ जातींचा विचार होता, आणि त्याचा आधार सुमारें तीस हजार निरीक्षकांच्या अशा नोंदींचा होता. गवताळ व मोकळ्या रानांतील पक्षी झपाट्यानें घटत आहेत हें त्यावरूनच स्पष्ट झालें.

परंतु खरी कसोटी पुढेंच आहे. ज्यानें त्या पक्ष्यावर वर्षानुवर्षें जीव लावला, त्याचा हात शून्य लिहितांना अडखळतो. उद्यां कोणी म्हणेल, 'पक्षीच नाहीं, तर माळ राखावयाचा कशाला?' दूर उन्हाच्या झळांत कांहीं हललें तें माळढोकाचेंच डोकें होतें असें धरून एक आंकडा मांडला, तर कोणाचें काय बिघडलें? आम्हांस हा प्रश्न सोपा वाटत नाहीं, आणि खऱ्या शून्यानें माळाचें हितच होईल अशी हमीही आम्हांस देतां येत नाहीं. तथापि तो खोटा आंकडा फसवितो कोणाला, तें पाहावें. ज्यांना माळाची जमीन हवी होती, ते पक्षी असतांनाही थांबले नाहींत. फसतात ते पक्षी वांचवूं पाहणारेच. अजून अवकाश आहे असें त्यांना वाटतें. रोग्याचा ताप उतरला असें वैद्याला खोटेंच सांगणाऱ्या आप्ताचें प्रेम खरें असतें, पण औषध त्यामुळेंच लांबतें. 'माळ कशाला' या प्रश्नाचें उत्तर खऱ्या यादीनेंच द्यावयाचें. त्याच कागदावर माळढोकाच्या खालीं धाविक आहे, चंडोल आहेत; त्याच माळावर काळवीट व लांडगा राहतात, धनगराचीं मेंढरें चरतात. माळ ही एका पक्ष्याची मिरास नव्हे.

मोजण्यानें पक्षी वांचत नाहीं, हा दुसरा आक्षेप अधिक बोंचरा आहे, आणि तो आम्हांस मान्य आहे. नुसता जमाखर्च मांडल्यानें कर्ज फिटत नाहीं; गणनेला जाऊन आलों म्हणजे कर्तव्य संपलें, असें समाधान आम्हीही कित्येकदां मानून घेतलें आहे. पण हिशेबावांचून फेडही होत नाहीं. जेसलमेर जिल्ह्यांत २०१९ पासून अंडीं उबवून माळढोकाचीं पिलें वाढविण्याचा प्रयत्न चालू आहे. उद्यां तीं मोकळीं करावयाचीं झालीं, तर कोणत्या माळावर? कोठें गवत टिकलें, कोठें पक्षी कधीं नाहींसे झाले, हें त्या वेळीं कोणाच्या आठवणीवरून ठरणार नाहीं. न कंटाळतां ज्यांनीं शून्यें लिहिलीं, त्यांच्याच कागदांवरून तें ठरवावें लागेल.

तेव्हां आमच्या त्या गृहस्थानें घरच्या मंडळींशीं वाद घालूं नये. पुढच्या खेपेस त्यांपैकीं एकाला सोबत न्यावें. डोळे दोहोंचे चार झाले, कीं पक्षी असल्यास दिसण्याचा संभव वाढतो. आणि न दिसल्यास तें शून्य अधिक विश्वासाचें होतें.