रोप लागणीच्या दिवसांतला विठोबा

आषाढी एकादशी जवळ येते तेव्हा मलकापूरच्या शिवारात माणसं चिखलात असतात. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे हे गाव लागतं. शाहूवाडी तालुक्यातलं हे ठिकाण एके काळी विशाळगड जहागिरीची राजधानी होतं. सह्याद्रीवरून ढग उतरले की इथला पाऊस हटता हटत नाही आणि भाताच्या रोप लागणीला नेमका तोच पाऊस लागतो. पंढरीच्या वारीचेही हेच दिवस. लागण अर्धी टाकून निघावं, तर वर्षाचा भात धोक्यात. मग ज्याला वारीला जाता आलं नाही, त्याचा आनंद हुकला म्हणायचा का?

लागणीचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. तरव्यातली रोपं उपटायची, मुळं पाण्यात खळबळून माती काढायची, पेंढ्या बांधून त्या चिखल केलेल्या वाफ्यात टाकायच्या. मग बायका ओळीत वाकतात. दोन-तीन काड्या अंगठ्याने आणि बोटांनी चिखलात रोवायच्या आणि एक पाऊल मागे सरकायचं. मागे सरकत काम चालतं, म्हणून लावून झालेलं हिरवं रान सतत डोळ्यांसमोर वाढत राहतं. उरलेलं पाठीमागे असतं. बरंच काम पैऱ्यानं होतं. आज तुझ्या वाफ्यात, उद्या माझ्या. बांधावर भाकरी, खर्डा आणि चहाची किटली आली की हात धुऊन सगळ्या एकत्र बसतात. त्या वेळी होणारी चेष्टामस्करी ऐकली तर यात सुख नाही असं कोण म्हणेल?

वारी हुकली म्हणजे आनंद हुकला का, या प्रश्नाचं उत्तर वारकरी परंपरेने फार पूर्वी दिलं आहे, आणि तेही शेतातूनच. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी पंढरपूरला गेलेच नाहीत, अशी परंपरा सांगते. त्यांच्या मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल भेटला. आजही पंढरपुराहून देवाची पालखी अरणला येते. तेरचे गोरोबा चिखल तुडवत होते, जनाबाई दळत होत्या. या माणसांनी काम उरकून मग आनंदाची वेळ ठरवली नाही. चित्त ठिकाणावर असेल तर जात्यावर दळण्याचा वेळही देवाचाच, हे त्यांनी जगून दाखवलं. शास्त्राच्या चर्चेपेक्षा हे धाडस मोठं आहे, कारण आनंदासाठी लागणारी सवड, पैसा आणि मध्यस्थ या तिन्ही अटी त्यांनी एकदम काढून टाकल्या.

यातल्या पैशाच्या अटीचंच बघा. १९७८ साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या २२ जणांना विचारलं, की मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद, मासिक वाचणं यांत किती मजा येते? लॉटरी न लागलेल्यांपेक्षा त्यांना या गोष्टींत कमी आनंद वाटत होता. २२ जणांवरून जगाचा निकाल लावता येत नाही, तरी यातली खूण ओळखीची आहे. घबाडाशी तुलना सुरू झाली की न्याहारी फिकी पडते. मलकापूरच्या आसपासच्या वाड्यांतून पोटासाठी मुंबईला गेलेली माणसं गणपतीला गावी येतात, तेव्हा घरच्या तांदळाच्या घासाचीही तारीफ करतात. तो तांदूळ पिकवणाऱ्या घराला त्याची चव रोजची झालेली असते. दुरावल्यावर कळणारी चव घरबसल्या कळावी, यासाठी लागते ती सावधपणाची सवय. संत तिला नामस्मरण म्हणत, विपश्यनेत तीच श्वासावर लक्ष ठेवून सुरू होते.

पण इथे एक धोका आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. लहान सुखाची थोरवी नेहमी कोण कुणाला सांगतं? वाफ्यात दिवसभर वाकलेल्या बाईची पाठ रात्री दुखते. तिच्या हसण्याचं कौतुक करणाऱ्याने तिची मजुरी पुरुषाइतकी आहे का, जमिनीच्या सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का, हेही विचारलं पाहिजे. समाधानी माणसाला हक्क लागत नाहीत, हा समज जुना आहे आणि सोयीचा आहे.

वारकरी संत चोखोबांचं उदाहरण तर जिवाला घोर लावतं. ज्या विठोबाने त्यांचं आयुष्य भरून टाकलं, त्याच्या देवळात त्यांना पाऊल टाकता आलं नाही. मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना ते कोसळून त्यांचा अंत झाला, आणि समाधी मिळाली ती महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ. त्यांच्या भक्तीतला आनंद खरा होता. त्या खऱ्या आनंदाने दार मात्र उघडलं नाही.

ते उघडायला साने गुरुजी उपाशी बसले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं, तेव्हा कोकणातल्या गरीब घरातली साधी साधी सुखं त्यांनी जीव ओतून सांगितली होती. त्याच माणसाने १ मे १९४७ ला पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. विठोबाच्या पायांवर डोकं टेकवणं ही कुणालाही मिळावी अशी साधी गोष्ट होती आणि दलितांना ती शतकानुशतकं नाकारलेली होती. मंदिर सर्वांना खुलं करण्याचं मान्य झालं, तेव्हा १० मे रोजी त्यांनी उपोषण सोडलं.