वाट नवी, कडा जुना

प्रस्तरारोहणाच्या जगात एक अलिखित नियम आहे. कातळावरची एखादी अवघड वाट जो सगळ्यांत आधी पूर्ण चढतो, तिचं नाव तोच ठेवतो. नाव काय असावं याला मात्र काही धरबंध नाही. चेक आरोहक अॅडम ओंद्राने 2017 मध्ये नॉर्वेतल्या फ्लाटांगरच्या गुहेत एक वाट चढून तिला 9सी ही काठिण्यश्रेणी दिली. तेवढी वरची श्रेणी तोवर कुणी दिलेली नव्हती. एरवी जोर लावताना आरडाओरडा करण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ओंद्राच्या तोंडून शेवटी आवाजच फुटला नाही, म्हणून त्या वाटेचं नाव पडलं ‘सायलेन्स’. आपल्या शेजारच्या बदामीत, तांबड्या वालुकाश्मावरची 8बी+ श्रेणीची वाट ‘गणेश’ नावाने ओळखली जाते.

हा नियम वरवर न्याय्य वाटतो. ज्याने बोटं सोलून घेतली, त्याने नाव ठेवावं. यात गैर ते काय? पण ‘पहिला’ कोण, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. फ्रान्समधल्या सेयूझच्या कड्यावर जाँ-क्रिस्तोफ लाफाय याने 1989 मध्ये एका वाटेवर बोल्ट ठोकले आणि तिला ‘बायोग्राफी’ म्हटलं. ती अखेरपर्यंत चढण्याचं काम 2001 मध्ये अमेरिकेच्या ख्रिस शर्माने केलं आणि त्याने तिला ‘रिअलायझेशन’ हे नाव दिलं. फ्रेंच रिवाजाप्रमाणे नाव ठेवण्याचा मान वाट शोधून तिच्यावर बोल्ट ठोकणाऱ्याचा, अमेरिकी रिवाजाप्रमाणे ती चढणाऱ्याचा. आज दोन्ही नावं चालतात. वाट शोधली की ती आपली होते, की पार केली की होते, याचा निकाल अजून लागलेला नाही.

सह्याद्रीत या वादात तिसरा पक्षकार आहे, आणि तो सगळ्यांत जुना आहे. तो म्हणजे पायथ्याचा गावकरी. घाटमाथा आणि कोकण यांना जोडणाऱ्या अवघड वाटांची त्याने ठेवलेली नावं एका ओळीत लावून पाहावीत. बैलघाट म्हणजे लादलेला बैल जाईल अशी वाट. गायनाळ म्हणजे गुरं उतरतील, पण सांभाळून. खांडसहून भीमाशंकरला चढणारा शिडी घाट आणि लिंगाण्याच्या बाजूची निसणीची वाट यांत हात लावल्याशिवाय भागत नाही. आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यालगतची माकडनाळ? तिथे कुणाचं काम आहे ते नावच सांगतं. ही नुसती नावं नाहीत, ही काठिण्यश्रेणी आहे. आकडे आणि अक्षरं यायच्या कितीतरी आधी आपल्या डोंगरात बैल, गाय, शिडी आणि माकड अशी मोजपट्टी तयार होती. पहिल्यांदा कोण गेलं याचा त्या नावांत मागमूस नाही. पुढच्या माणसाला काय भोगावं लागेल, तेवढं मात्र चोख सांगितलेलं आहे.

सुळक्यांना नावं देतानाही गावाने आपलाच संसार वर पाहिला. माहुलीच्या डोंगरावर नवरा, नवरी, भटोबा आणि करवली असं अख्खं लग्न उभं आहे. मनमाडजवळ रेल्वेतून दिसणारी हडबीची शेंडी, जीवधनशेजारची वानरलिंगी, खंडाळ्याची नागफणी ही सगळी खालून वर बघणाऱ्या डोळ्यांनी ठेवलेली नावं. मग शहरी माणूस दोर घेऊन आला आणि त्याच दगडांना दुसरी नावं चिकटली. हडबीची शेंडी ‘थम्सअप’ झाली. वानरलिंगी ‘खडा पारशी’ झाली. त्या नावात भायखळ्याचा पुतळा दिसतो. नागफणीत साहेबाला वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाक दिसलं आणि ‘ड्यूक्स नोज’ आजतागायत जिभेवर आहे.

हरिहरच्या किल्ल्याचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. त्याच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या सगळ्यांना ठाऊक आहेत. त्याच किल्ल्याचा दुसऱ्या अंगाचा सरळसोट कडा 1986 साली डग स्कॉट हा ब्रिटिश गिर्यारोहक चढून गेला आणि कड्याचं नाव पडलं ‘स्कॉटिश कडा’. स्कॉट हे त्याचं आडनाव. माणूस इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचा. 1975 मध्ये तो एव्हरेस्टवर पोहोचला तेव्हा सोबतचा डुगल हॅस्टन मात्र खरोखरच स्कॉटिश होता. म्हणजे एका आरोहकाचं आडनाव अख्ख्या कड्याला लागलं आणि चार तोंडी फिरता फिरता ते एका देशाचं झालं. माणसाची आठवणही धड राहिली नाही आणि कड्याविषयीही काही कळलं नाही.

इथेच माझा मुद्दा आहे. आरोहक वाट निर्माण करतो, कडा निर्माण करत नाही. तडा कुठे पकडायचा, घसाऱ्याची पट्टी कुठून टाळायची, ओव्हरहँगखाली मेख कुठे मारायची, ही सगळी निवड त्याची. त्या निवडीला त्याने हवं ते नाव द्यावं. पण त्याचा हक्क दोराच्या रेषेपुरता आहे. अख्ख्या सुळक्यावर आपली पाटी लावणं म्हणजे भाडेकरूने इमारतीचं नाव बदलण्यासारखं आहे.

सह्याद्रीत ही गफलत सहज होते, कारण आपल्याकडे वाटांना वेगळी नावं देण्याची गरजच उशिरा पडली. बेसॉल्टचा कातळ ठिसूळ; आज हातात आलेली पकड पावसाळ्यानंतर जागेवर असेलच असं नाही. गिर्यारोहण संस्थांच्या मोहिमा निघत त्या माथा गाठायला, आणि माथ्यावर जाणारी एकच वाट असली की सुळक्याचं नाव तेच वाटेचं नाव. दुसरी, तिसरी वाट झाली की मग ‘पश्चिम धार’, ‘उत्तर भिंत’ असा दिशांचा हिशेब. आता बोल्ट मारलेल्या वाटा वाढताहेत, त्यामुळे नावांचा प्रश्न आपल्याही दाराशी आलेला आहे.

यावर कुणी म्हणेल, अवघडपणा सांगायला श्रेणी आहे, मग नाव मौजेचं असलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं की श्रेणी वहीत राहते आणि नाव तोंडात राहतं. अमेरिकेतल्या टेन स्लीप इथे एका भिंतीला आरोहकांनी ‘स्लेव्हरी वॉल’ म्हटलं होतं. दोस्तांच्या टोळक्यातली ती थट्टा मार्गदर्शक पुस्तकात छापली गेली, आणि 2020 मध्ये वंशभेदाविरुद्ध रान पेटलं तेव्हा ते नाव टाकून द्यावं लागलं. पहिल्याच्या मौजेची किंमत मागून येणाऱ्याने का मोजावी?

सुरतेजवळच्या चलथाणसारख्या उसाच्या सपाट मुलखात कड्यांच्या नावांचा हा प्रश्न दूरचा वाटेल. पण तिथल्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला डांगातून आणि खानदेशातून टोळ्या येतात. त्यांतल्या कित्येकांच्या घरामागे साल्हेर-मुल्हेरच्या बाजूचे डोंगर आहेत. कोणत्या घळीतून जनावर निघतं आणि कोणत्या धारेवरून माणूसही परत फिरतो, हे त्यांना पाठ असतं. हंगामात तेच लोक सपाटीवर, फडात असतात. म्हणून पायथ्याच्या गावात एकदा चौकशी करून भागत नाही; ज्यांना नावं ठाऊक आहेत त्यांना गाठून विचारावं लागतं. त्यांना न विचारता एखाद्या कड्याला ‘अनामिक’ ठरवणं हा निव्वळ आळस आहे.

तेव्हा नोंदीचा क्रम एवढाच असावा : आधी गावाने दिलेलं कड्याचं नाव, मग आरोहकाने दिलेलं वाटेचं, मग श्रेणी आणि साल. वाटेचं नाव ठेवताना माकडनाळेची कसोटी लावून पाहावी. आपण कोण होतो हे त्यातून कळलं नाही तरी चालेल, पुढच्याला काही कळतं का? ते साधत नसेल तर निदान असं नाव असावं, जे पायथ्याच्या गावात मोठ्याने उच्चारताना जीभ अडखळणार नाही. पहिलेपणाचा मान साल लिहूनही पुरेसा होतो.